ओळीत सातवी

दांडिया आम्हाला कधीच धड आला नाही. आम्हाला म्हणजे मुलुंडच्या आमच्या चाळीतल्या चार-पाच मराठी पोरांना. तरी १९९० च्या आसपास नऊच्या नऊ रात्री आम्ही शेजारच्या गुजराती सोसायटीच्या अंगणात हजर. मडक्यातल्या दिव्याभोवती टाळ्यांवर फेर धरायचा तो गरबा मुळात बायकांचा; आमची वाट दांडियाची. आम्ही काही देवीसाठी येत नव्हतो, हे देवीलाही ठाऊक असणार. एरवी जिला जिन्यात ‘किती वाजले’ विचारायचीही चोरी, तिच्यासमोर तिथे सगळ्या आया-मावश्यांच्या देखत उभं राहता यायचं. चार-पाच ठोक्यांपुरतं का होईना.

दोन ओळी समोरासमोर, ठोके झाले की पुढे सरकायचं. म्हणजे सगळा खेळ मोजण्याचा. ती सातवी, तर आधी तळमजल्यावरच्या काकी, मग त्यांची नात, मग चष्मेवाले मास्तर... गणितात गटांगळ्या खाणारी पोरं या हिशोबात कधी चुकली नाहीत. माझी सातवी एकदाची समोर आली आणि मी दांडी तिच्या अंगठ्यावर हाणली. ‘अरे, जोईने रम ने!’ बघून खेळ ना, एवढंच ती माझ्याशी आयुष्यात बोलली.

यंदा लेकीला मैदानावर सोडायला गेलो. ‘दांडिया घेतल्यास ना?’ तर म्हणाली, ‘बाबा, त्या आता कोण नेतं!’ त्यांचा आठ जणांचा कंपू, ऑगस्टपासून क्लास लावून बसवलेल्या स्टेप्स. स्वतःचंच रिंगण करतात. मधे दिव्याच्या जागी पर्स, बाटल्या, चपलांचा ढीग. परक्याने त्यात पाऊल टाकायची सोय नाही. आणि टाकावं तरी कशाला? ओळख फोनवर होते, गप्पा कॉफीवर होतात. मैदानात येईपर्यंत काय ठरायचं ते ठरलेलं असतं. एकट्या मुलाला तर बऱ्याच ठिकाणी आत सोडतच नाहीत, जोडी आणा म्हणतात. जोडी असती तर आम्ही कशाला आलो असतो?

तिचा मित्र (या शब्दात हल्ली काय काय मावतं ते मी विचारत नाही) नाचत नाही. ‘काका, मला नाही जमत,’ म्हणाला आणि आठ जणांचे मोबाइल सांभाळत खुर्चीत बसला. आम्हालाही जमत नव्हतं. पण आम्हाला बसून कसं चाललं असतं?

नाच मात्र आता बघण्यासारखा असतो, हे कबूल करायला हवं. नाचता येतं तेच नाचतात. आमच्या ओळी म्हणजे धक्काबुक्कीच.

घरी येऊन बायकोला हे सांगत बसलो, मोजण्याच्या गमतीसकट. ती तेव्हा घाटकोपरला खेळायची. ‘मोजायचो की आम्हीही,’ ती म्हणाली. ‘नको तो दोन माणसांवर आला, की मी पाणी प्यायला बाहेर.’

आमच्या अंगणातही पाणी प्यायला फार जणी जायच्या.