डीबगरची बटणं चुकीची अवस्था का दाखवतात

प्रोग्रॅम ब्रेकपॉइंटवर (आपण कोडमध्ये ठरवून दिलेल्या थांब्यावर) थांबलाय, तरी ‘कंटिन्यू’ करडं आणि ‘पॉज’ चालू. किंवा प्रोग्रॅम धावतोय आणि व्हेरिएबलच्या खिडकीत जुन्याच किमती. फोंडा-मडगावकडं जीडीबीवर (प्रोग्रॅम थांबवून चुका शोधू देणाऱ्या डीबगरवर) स्वतःचा ग्राफिकल इंटरफेस बांधणाऱ्या मुलांनी आधी एक जागा तपासावी: बटण दाबताक्षणी ‘चालू’ असं लिहून टाकणारी ओळ. ती काढा. अवस्था जीडीबी ठरवतो, इंटरफेसनं ऐकायची.

जीडीबी आणि इंटरफेस ज्या भाषेत बोलतात त्या एमआय प्रोटोकॉलमध्ये ‘^रनिंग’ हे आज्ञेचं उत्तर, तर ‘*रनिंग’ ही अवस्थेची सूचना. मॅन्युअल स्पष्ट सांगतं की ‘^रनिंग’ आणि ‘^डन’ सारखेच माना. पहिलं जुन्या फ्रंटएंडसाठी (इंटरफेससाठी) राखलंय. अवस्था बदला ती ‘*रनिंग’ आणि ‘*स्टॉप्ड’वरच. मग कुणी कन्सोलमध्ये ‘कंटिन्यू’ टाइप केलं तरी बटणं बरोबर राहतात.

सूचना मोजू मात्र नका. ब्रेकपॉइंटवरून पुढं जाताना जीडीबी आधी थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या एका स्वतंत्र धाग्याला) एक पाऊल टाकायला लावतो, त्यामुळे एकाच आज्ञेला ‘*रनिंग’ अनेकदा येऊ शकते. वाढत-घटत जाणारा काउंटर इथंच फसतो. प्रत्येक थ्रेडसमोर त्याची अवस्था लिहा. तीच पुन्हा लिहिली तर काही बिघडत नाही. ‘*स्टॉप्ड’मधला थ्रेड-आयडी फक्त कारण ठरलेल्या थ्रेडचा असतो. कोण कोण थांबलं ते ‘स्टॉप्ड-थ्रेड्स’मध्ये वाचा. नॉन-स्टॉप मोडमध्ये, म्हणजे एक थ्रेड थांबला तरी बाकीचे धावत राहतात तिथं, हा फरक हमखास विसरला जातो.

‘एक्झिटेड-नॉर्मली’, म्हणजे प्रोग्रॅम नीट संपल्याची खबरसुद्धा ‘*स्टॉप्ड’मधूनच येते. थांबण्याचं कारण न वाचता ‘स्टेप’चं बटण चालू केलंत तर प्रोग्रॅम चालूच नसल्याची एरर मिळेल.

चालू आणि थांबलेला यांच्या जोडीला ‘विनंती केली’ ही अवस्था हवी. पॉजची विनंती पोचण्याआधी ब्रेकपॉइंट लागू शकतो, म्हणून ती कोणत्याही ‘*स्टॉप्ड’नं मिटवा, ठरावीक सिग्नलची वाट पाहू नका. ‘^एरर’ आली तर आधीच्या अवस्थेवर परत या. आणि प्रोग्रॅम सुरू करण्याआधी जीडीबीची ‘एमआय-असिंक’ ही सेटिंग ऑन करा. ते बंद असेल तर प्रोग्रॅम धावत असताना पाठवलेली ‘एक्झेक-इंटरप्ट’ ही पॉजची आज्ञा जीडीबी वाचतच नाही.

जुन्या किमतींवर उपाय: प्रत्येक थांब्याला वाढता क्रमांक द्या आणि आज्ञेच्या टोकनसोबत (आज्ञा आणि तिचं उत्तर जुळवणाऱ्या आकड्यासोबत) तो नोंदवून ठेवा. उत्तर येईपर्यंत क्रमांक बदलला किंवा थ्रेड पुन्हा धावू लागला, तर ते उत्तर टाकून द्या. हा बदल छोटा आहे, पण माझ्या मते सगळ्यांत जास्त त्रास हाच वाचवतो.

स्वतःच्या मशीनवर सगळं इतकं झटपट होतं की हे बग दिसतच नाहीत. जुलैच्या पावसात नेट रडत असताना म्हापशाहून पणजीच्या मशीनवरचा प्रोग्रॅम तपासायला बसा, की लगेच वर येतात. पावसाची वाट न पाहता जीडीबीसर्व्हर (दूरच्या मशीनवर जीडीबीसाठी प्रोग्रॅम चालवणारा भाग) लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर लावा आणि लिनक्सच्या नेटएम या नेटवर्क मुद्दाम मंद करणाऱ्या साधनानं लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवर) 300 मिलिसेकंद उशीर घाला. मग स्टेप आणि पॉज भराभर दाबत राहा. चाचणी झाली की नेटएमचा नियम काढा, नाहीतर त्या मशीनवरचा डेटाबेससुद्धा रेंगाळेल.