अखेलोस नदीचं मॉडेल, अपडेट ४: बेटं चिकटवली आणि परत उपटली

दोन महिने गायब होतो, सॉरी. पावसाळ्यात फोमशीट चिकटवायचं काम म्हणजे शिक्षाच, फेविकॉल सुकता सुकत नाही. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: ग्रीसमधल्या अखेलोस नदीचं उठावाचं मॉडेल करतोय, स्केल १:२,००,०००, दर १०० मीटर उंचीला २ मिमीची एक शीट, म्हणजे उंची चौपट ताणलीये, नाहीतर डोंगर पापडासारखे दिसले असते. नदी साधारण २२० किमी, उगम पिंडस डोंगररांगेत, शेवट आयोनियन समुद्रात. मॉडेलवर उगम ते मुख सरळ रेषेत ८० सेमीच्या आसपास.

वरचा पिंडसचा भाग झाला एकदाचा. वीस-बावीस थर कटरने कापून बोटाला घट्टे पडले, त्यावर जास्त बोलत नाही.

नदीवरच्या क्रेमास्ता धरणाच्या तलावात रेझिन (सुकल्यावर पाण्यासारखं दिसणारं पारदर्शक द्रव्य) ओतलं. अखेलोसला मिळणाऱ्या इतर नद्यांच्या खोऱ्यांतही पाणी घुसलंय त्यामुळे तलाव बोटं पसरलेल्या पंजासारखा दिसतो, आणि त्या बोटांच्या टोकांना रेझिन पोचवायला इंजेक्शनची सिरिंज वापरावी लागली. १९६५ मध्ये यात पाणी भरायला लागले आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की आपल्या कोयनेबरोबर क्रेमास्ताचं नाव येतंच. आमचं घर कराडकडचं, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलीये की रेझिन ओतताना उगाच हात थरथरला.

आता मुख्य गोष्ट, मुखाजवळचा भाग. इथे माती केली मी. शब्दशः. समुद्रात एखिनाडीस नावाची छोटी बेटं आहेत, ती कापून नकाशाप्रमाणे चिकटवली, मैदानावर ओल्या प्लॅस्टरचा हात मारला, सकाळी बघतो तर खालचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) फुगून वर आलेला. ओल अडवणारा सीलर लावायचा विसरलो होतो, दुसऱ्या कुणाची चूक नाही. सगळं उपटलं. पण उपटताना लक्षात आलं की मैदानात ज्या सुट्ट्या टेकड्या मी घाईत "किरकोळ" म्हणून लावल्या होत्या त्यांचा आकार अगदी त्या बेटांसारखाच आहे! कारण त्या बेटंच होत्या. नदीने इतका गाळ आणून टाकला की बेटांच्या मधला समुद्र भरून गेला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सव्वादोन हजारपेक्षा जास्त वर्षांपूर्वी लिहून गेलाय की अखेलोसने निम्मी बेटं जमिनीला जोडून टाकली. दुसरा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजही तेच सांगतो आणि वर पुराणातल्या अल्कमेऑनची कथा देतो: आईला मारल्याचा शाप, तिला मारलं तेव्हा सूर्याने पाहिलेली कुठलीही जमीन याला आसरा देणार नाही. मग पठ्ठ्या राहायला कुठे गेला? अखेलोसच्या ताज्या गाळावर, कारण खून झाला तेव्हा ती जमीन जन्मालाच आलेली नव्हती. वकिलाला सुचावी अशी पळवाट आहे ही.

रोमन कवी ओव्हिडची गोष्ट उलटीकडून येते, त्यात अखेलोस म्हणजे नदीचा देव. काही अप्सरांनी दहा बैल कापून देवांना बोलावलं आणि नेमकं अखेलोसलाच विसरल्या. मानपानावरून रुसलेला व्याही परवडला. हा पुराने फुगला, त्यांना जमिनीसकट समुद्रात लोटलं, त्याच झाल्या एखिनाडीस. म्हणजे इतिहासकारांच्या मते नदी बेटं गिळते, कवीच्या मते नदी बेटं बनवते, आणि मॉडेलवर बोट फिरवलं की दोघं एकाच जागेबद्दल बोलतायत हे कळतं.

ग्रीक वीर हेराक्लीसबरोबरची (म्हणजे हर्क्युलस) अखेलोसची कुस्ती तर माहितीच असेल, राजकन्या दियानिरासाठी. अखेलोस आधी साप होतो, मग बैल, आणि स्वतःचं एक शिंग मोडून घेतो, तेच कथेत फळाफुलांनी भरलेलं समृद्धीचं शिंग ठरतं. प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबो म्हणतो, साप म्हणजे वळणं, बैल म्हणजे पाण्याची डरकाळी, वळणांना तर लोक शिंगंच म्हणायचे, आणि हेराक्लीसने बांध घालून, चर खणून बरीच जमीन कोरडी केली तेच समृद्धीचं शिंग. मला हे पटतं, खालची वळणं कापताना ब्लेड दोनदा मोडलंय माझं.

तर नवीन प्लॅन: मुखाचा तुकडा काढता-घालता येईल असा करतोय, एक आजच्या किनाऱ्याचा, एक जुना, टेकड्या पाण्यात असलेला. जुना किनारा अंदाजानेच आखणार, त्याला पेन्सिलची तुटक रेघ. सीलरचे दोन हात या वेळी मारलेत आणि चोवीस तास थांबलोय.

रंग मात्र अडलाय. या नदीचं अलीकडच्या शतकांतलं लोकांमधलं नाव आस्प्रोपोटामोस, म्हणजे पांढरी नदी, त्यामुळे निळा मारायचा नाहीये. मुलतानी माती पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये कालवून बघितली तर सुकल्यावर भेगा पडल्या. कुणी पात्रातली बारीक वाळू-गोटे या स्केलला करून बघितलेत का? रवा सुचवू नका, मुंग्या लागतात.