मॉरिस मायनर, नोंद सातवी: स्टड जागेवर, बोअर सरकलेले

माझ्या जुन्या मॉरिस मायनर गाडीचं इंजिन दुरुस्त करतोय. मागच्या नोंदीत हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवून ठेवलं होतं. त्यानंतर बोअरिंगला (सिलिंडरची भोकं कापून थोडी मोठी करायला) ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ओतीव भाग, पाठवायचा बेत होता, तो एका गॅस्केटमुळे चार दिवस लांबला. पण या चार दिवसांत या इंजिनाबद्दल जे उमगलं ते दहा वर्षांत उमगलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी गाडी 948 सीसीची. मागवलेल्या संचात हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधे बसणारा, गळती थांबवणारा पातळ थर) आलं ते मोठ्या 1275 सीसीच्या इंजिनाचं. ब्लॉकवर ठेवून पाहिलं तर नऊच्या नऊ स्टड (हेड आवळून धरणारे उभे बोल्ट) अलगद छिद्रांत गेले. क्षणभर वाटलं, बरोबर आहे. मग आत पाहिलं. पहिल्या सिलिंडरच्या बाहेरच्या कडेला ब्लॉकचा माथा चंद्रकोरीसारखा उघडा दिसत होता. चौथ्यालाही तशीच कोर, उलट्या बाजूला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या कोरी मात्र एकमेकांकडे तोंड करून. नुसता बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, मोठा असता तर सगळीकडे सारखं कडं दिसलं असतं. इथे बोअरचे मध्यच हलले होते.

परत पाठवण्याआधी ट्रेसिंग पेपर घेतला. एकावर ब्लॉकचा माथा, दुसऱ्यावर ते गॅस्केट, दोन्हींवर स्टडच्या खुणा. स्टडवर स्टड ठेवून कागद उजेडात धरले की गोष्ट स्वच्छ दिसते: 1 आणि 4 बाहेर ढकललेत, 2 आणि 3 एकमेकांच्या जवळ आणलेत.

कारण ब्लॉकमध्येच आहे. 948 मध्ये 1-2 ची जोडी आणि 3-4 ची जोडी भिंतीला भिंत चिकटून ओतलेली, मधे पाणी नाही. 2 आणि 3 च्या मधे मात्र ऐसपैस जागा. बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या ए-सिरीज या इंजिन-कुटुंबातल्या (948 आणि 1275 त्यातलीच) सगळ्या लहान बोअरच्या इंजिनांना ही चौकट बांधून ठेवत होती. 948 चा बोअर 62.94, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 76.2 मिलिमीटर. 1962 मध्ये 1098 सीसीचं इंजिन आलं तेव्हा बोअर जेमतेम 64.58 झाला आणि बाकीची वाढ स्ट्रोकमधून काढली, 83.72. मी आजवर समजत होतो की लांब स्ट्रोक ही त्या काळच्या इंग्रजी गाड्यांची आवड. आता वाटतं, निदान या इंजिनात तरी ती अडचण होती. बोअरला जागाच नव्हती.

फॉर्म्युला ज्युनियर या छोट्या शर्यती गाड्यांच्या स्पर्धांसाठी मोठा बोअर आणि आखूड स्ट्रोक हवा होता. त्या कामातून पुढे 1963 मध्ये कूपर एस या वेगवान मिनी गाडीचं 1071 सीसीचं इंजिन आलं: बोअर 70.6, स्ट्रोक 68.26. आणि 1275 मध्ये तोच बोअर, स्ट्रोक 81.3 च्या आसपास. क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याच्या) तीन मेन बेअरिंगांची, म्हणजे आधारांची, जागा तीच, नऊ स्टडही तिथेच, आणि त्यांच्या मधल्या मधे चार भोकं सरकवून बसवली. ज्याने कुणी ड्रॉइंग बोर्डवर हे जुळवलं असेल त्याच्या धीराला माझा मनापासून नमस्कार. याची किंमतही आहे. 2 आणि 3 जवळ आल्यामुळे 1275 चं गॅस्केट नेमकं त्यांच्या मधेच निकामी होतं, हा अनेकांचा अनुभव.

मोजायची पद्धत लिहून ठेवतो, नवीन मंडळींना उपयोगी पडेल. बोअरचा मध्य डोळ्याने शोधायचा नाही. वर्नियरने (सूक्ष्म मापं घेण्याच्या पट्टीने) पहिल्याची डावी कड ते दुसऱ्याची डावी कड मोजा, मग उजवी ते उजवी, आणि सरासरी काढा. दोन बोअर कमीजास्त झिजलेले असले तरी फरक आपोआप निघून जातो. माझा वर्नियर सहा इंची, टोकापासून टोकापर्यंत पुरत नव्हता. सातपूरच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून निवृत्त झालेले शेजारचे काका त्यांचा बारा इंची घेऊन स्वतःच आले. “आधी कार्बन खरवड, मग आकडा लिही,” हे त्यांचं पहिलं वाक्य. बरोबर होतं, कडेवरच्या थरामुळे माझी पहिली मापं फेकावी लागली.

कनेक्टिंग रॉडचंही (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं) कोडं सुटलं. 948 चे रॉड मधोमध नसतात, मोठं टोक एका बाजूला सरकलेलं. 1 आणि 3 चे एकासारखे, 2 आणि 4 चे एकासारखे. बोअर क्रँकपिनच्या (रॉडचं मोठं टोक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बरोबर डोक्यावर नसल्यामुळे हे करावं लागतं. रॉड काढताना क्रमांक ठोकून ठेवा, नाहीतर बसवताना घोटाळा ठरलेला.

“नुसतं बोअर करून 1275 होईल का?” असं मला दोघांनी विचारलं होतं. नाही. बोअर साडेसात मिलिमीटरहून जास्त वाढवावा लागेल आणि ती सगळी वाढ जोडीतल्या सामाईक भिंतीतून जाईल. गॅस्केट टेकायलाही काही उरणार नाही. मोठं इंजिन हवं तर मोठाच ब्लॉक शोधायचा. मला ते करायचं नाही. ही गाडी ज्या इंजिनाने आली त्याच इंजिनाने त्र्यंबकच्या रस्त्याला लागावी एवढीच इच्छा आहे.

मी 20 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करतोय. सामाईक भिंत अर्धा मिलिमीटर पातळ होईल, क्षमता साधारण 964 सीसी. अंबडच्या बोअरिंगवाल्यांना ट्रेसिंग दाखवलं, त्यांनी जोडीतल्या भिंतीवर टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “पिस्टन आधी आणा. ते मोजल्याशिवाय मी मशीन लावणार नाही.” पिस्टन शुक्रवारी येतायत, योग्य गॅस्केटही त्याच पार्सलमध्ये आहे.