वजन नाहीसे झाल्यावर खेळायचे काय?

पैसे भरून अंतराळात गेलेला प्रवासी तिथे मन कसे रमवील, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात : तरंगेल. माझ्या मते हे उत्तर फार तर पहिल्या दिवसापुरते पुरेसे आहे. २० जुलै २०२१ रोजी ब्लू ओरिजिनच्या यानातून गेलेल्या चौघांना वजनरहित अवस्था जेमतेम काही मिनिटे लाभली. त्यांनी पिंगपाँगचे चेंडू आणि रंगीत गोळ्या एकमेकांकडे सोडल्या, कोलांट्या घेतल्या आणि तेवढ्यात परतीची वेळ झाली. त्यांना खेळाची उणीव भासण्याचे कारणच नव्हते. परंतु स्वतःच्या खर्चाने गेलेले पहिले प्रवासी डेनिस टिटो एप्रिल २००१ मध्ये निघाले, ते जवळपास आठ दिवस अंतराळात होते. मुक्काम असा लांबला, की तरंगण्याचे अप्रूप ओसरू लागते आणि करमणुकीची काही व्यवस्था लावावी लागते.

या विषयाकडे मी वळलो तो एका मुलामुळे. २०२५ च्या जून-जुलै महिन्यांत शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अठरा दिवस राहून आले, तेव्हा बडोद्यातल्या आमच्या व्यायामशाळेत संध्याकाळच्या गप्पांना दुसरा विषय नव्हता. सरावाला येणाऱ्या त्या मुलाने मला विचारले, "काका, तिथे मल्लखांब करता येईल का हो?" मी तोंड उघडण्यापूर्वीच आमच्या शिक्षकांनी "आधी इथली अढी नीट घाल" असे म्हणून त्याला खांबाकडे पिटाळले. शिक्षकांचे बरोबरच होते. पण प्रश्नही चांगला होता, आणि त्याचा विचार करताना मला असे वाटू लागले, की अंतराळातील खेळांची आजवर बहुतेक चर्चा चुकीच्या टोकापासून सुरू होत आली आहे.

ही चर्चा चेंडूपासून सुरू होते. चेंडू सरळ रेषेत जाईल, खाली पडणार नाही, मग किती गंमत येईल, असा तिचा सूर असतो. वास्तविक तिथे गुरुत्व नसते असे नाही. चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या तुलनेत सुमारे ९० टक्के शिल्लक असते. फक्त यान, माणूस आणि चेंडू ही तिन्ही सारख्याच गतीने सतत पडत असल्यामुळे कोणाचाच भार कोणावर येत नाही. भार नाही म्हणजे पायाखालच्या जमिनीशी घर्षणही नाही, आणि घर्षण नाही म्हणजे उभे राहणे, धावणे, वळणे, थांबणे यांपैकी काहीच आपसूक होत नाही. खेळाडूचे खरे नुकसान इथे होते. तिथे त्याला आधार उरत नाही.

एप्रिल १९८५ मध्ये डिस्कव्हरी यानातून काही साधी खेळणी मुद्दाम नेण्यात आली होती, त्यांत यो-यो, भोवरा, गोट्या आणि आपल्या सागरगोट्यांच्या जातीचा 'जॅक्स' हा खेळही होता. जॅक्स खेळायला घेतला तो डॉक्टर आणि अंतराळवीर असलेल्या रिया सेडन यांनी. हातातून सोडलेले जॅक्स एका जागी राहीनात. सोडताना लागलेल्या हलक्याशा धक्क्याने ते चहूकडे पांगू लागले. एक वर उडवावा, तो खाली येईपर्यंत बाकीचे वेचावेत, हा सागरगोट्यांचा सगळा डाव 'खाली येईपर्यंत' या अवधीवर चालतो, आणि तिथे तो अवधीच नाही. यो-यो दोरीवर संथपणे छान जात-येत होता, मात्र दोरीच्या टोकाशी फिरत थांबून राहण्याची त्याची जमिनीवरची करामत काही साधेना, कारण त्याला तिथे धरून ठेवणारे वजन नव्हते. भोवरा आणि जायरोस्कोप (चौकटीत फिरणारे चाक) यांचे मात्र काहीच अडले नाही. ज्याची गंमत स्वतःच्या फिरण्यात आहे ते टिकले, आणि ज्याची गंमत पडण्यात होती ते हरले.

आता माणूस चेंडू फेकतो तेव्हा काय होते ते पाहू. साठ किलोच्या माणसाने एकशे साठ ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला वीस मीटर वेगाने फेकला, तर तो स्वतः सेकंदाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने मागे जाऊ लागतो. हा वेग क्षुल्लक वाटेल, परंतु त्याला अडवणारे काही नसल्यामुळे चाळीस सेकंदांत गोलंदाज दोन मीटर मागे सरकलेला असतो, आणि फेक खांद्यातून झालेली असल्याने बहुधा हळूहळू गरगरतही असतो. खो-खोची अवस्था याहून बिकट. सारख्या वजनाच्या दोघांमध्ये खो देणाऱ्याने पाठीवर थाप मारली, की जितक्या वेगाने बसलेला पुढे जाईल तितक्याच वेगाने खो देणारा मागे जाईल. मुळात तो बसलेला तरी कसा असेल, हा प्रश्न मी सोडूनच देतो. कबड्डीत दम घुमवता येईल, पण चढाई करणाऱ्याला धरून ठेवणाऱ्यांनाच कोणीतरी धरून ठेवावे लागेल.

जे खेळ हवेच्या जोरावर चालतात, त्यांचे तुलनेने बरे चालते. जपानचे ताकाओ दोई यांनी २००८ मध्ये स्थानकात बूमरँग फेकला आणि तो जमिनीवरच्यासारखाच वळून परत आला. त्याचे वळणे हवेमुळे आणि त्याच्या स्वतःच्या फिरण्यामुळे होते. २०१८ च्या फेब्रुवारीत स्थानकात चौघांनी बॅडमिंटनचा सामना खेळला, आणि बॅडमिंटन त्यातल्या त्यात समंजस निवड म्हणावी लागेल, कारण हलक्या फुलाला हवाच लवकर थोपवते आणि ते लागून कोणाला इजाही होत नाही. बैठ्या खेळांची अडचण तर केव्हाच सुटली आहे : ९ जून १९७० रोजी सोयूझ ९ मधून आंद्रियान निकोलायेव्ह आणि विताली सेवास्त्यानोव्ह यांनी पृथ्वीवरच्या जोडीशी बुद्धिबळाचा डाव खेळला, मोहरे जागेवर राहावेत म्हणून खाचांचा पट वापरला, आणि डाव बरोबरीत सुटला. आठ दिवसांच्या प्रवाशाने मात्र बुद्धिबळ घरीच खेळावे, असे माझे मत आहे. एवढा खर्च करून तिथे गेल्यावर शरीराने जे फक्त तिथेच करता येते, ते करायचे सोडून पटाशी बसणे मला पटत नाही.

व्यायाम आणि खेळ यांची गल्लतही टाळली पाहिजे. स्थानकावरचे अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात, तो हौसेखातर नव्हे. भार नसल्यामुळे कंबर आणि मांड्यांच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटू शकते, म्हणून पट्ट्यांनी शरीर खाली खेचून धावपट्टीवर पळावे लागते आणि निर्वात नळकांड्यांच्या यंत्रावर 'वजन' उचलावे लागते. मूळच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या झुलासणच्या असलेल्या कुटुंबातील सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी अशाच धावपट्टीवर बॉस्टन मॅरेथॉन ४ तास २४ मिनिटांत पूर्ण केली. तो पराक्रमच होता, आणि गुजरातेत आम्हाला त्याचा विशेष अभिमान. पण त्यात गेलेले वजन पट्ट्यांनी परत आणले होते. प्रवाशाला ते परत आणायचे नाही. ते गेले आहे, याचीच मौज त्याला घ्यायची आहे.

१९७३ च्या स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकात अंतराळवीरांनी शोधलेली एक करमणूक मला फार आवडते. त्या स्थानकाच्या कार्यशाळेचा व्यास साडेसहा मीटरांहून थोडा अधिक होता आणि आतल्या भिंतीलगत कपाटांचे एक गोल कडे होते. त्या कड्यावरून गोलाकार पळू लागले, की पळण्यामुळेच पाय भिंतीवर दाबले जात. तीन मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला तीन मीटर वेगाने पळणाऱ्याच्या पावलांपाशी पृथ्वीच्या सुमारे तीन दशांश इतके 'गुरुत्व' निर्माण होते. डोके मात्र केंद्राच्या जवळ असल्यामुळे तिथे ते निम्म्याहूनही कमी असते. नवरात्रात बडोद्याच्या मैदानांवर वर्तुळांत वर्तुळे फिरताना पाहिलेल्या माणसाच्या मनात इथे गरबा येणारच. पण गरब्यात पाऊल मागेही जाते, आणि या कड्यावर मागच्या पावलाला वेग मंदावला की वजनही मंदावते. अखंड पुढे जाणारी साधी दोन टाळी कदाचित जमेल. रंगात येऊन कोणी गिरकी घेतली, तर तो थेट समोरच्या रांगेत जाऊन पडायचा.

आता मल्लखांब. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तो पुढे आणला, आणि बडोद्यात जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांच्यामुळे इथल्या व्यायामपरंपरेत तो रुजला. ही विद्या सगळी धरण्याची आहे. हात मोकळे सोडून मांड्यांनी आणि पोटऱ्यांनी खांब आवळणे, म्हणजे अढी, ही तिची मुळाक्षरे. अढीला लागणारे घर्षण स्नायूंच्या दाबातून येते, वजनातून नव्हे, म्हणून ती अंतराळातही जशीच्या तशी लागेल. मात्र अडचण निराळ्या बाजूने येते. इथे अढी सैल पडली की माणूस घसरतो. तिथे तो घसरणारच नाही. इथे वर्षानुवर्षांच्या मेहनतीने साधणारी, एका पायाच्या आधाराने खांबापासून आडवे ताठ राहण्याची स्थिती तिथे अगदी नवख्यालाही साधेल. स्थिर आसनांची सगळी प्रतिष्ठा तिथे संपते. १९८४ मध्ये सॅल्यूत ७ या सोव्हिएत स्थानकावर राकेश शर्मांनी योगाचे प्रयोग केले, तेव्हाही शीर्षासन आणि ताडासन यांतला फरक डोक्याकडे कोणत्या रंगाची भिंत आहे, एवढाच उरला असणार.

अवघड राहते ते फिरणे सुरू करणे आणि मुख्य म्हणजे थांबवणे. अंग आखडले की फिरण्याचा वेग वाढतो, पसरले की कमी होतो, पण नुसते अंग पसरून फिरणे थांबत नाही. ते थांबवायला खांब लागतो आणि आवळलेली अढी लागते. म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे आहे, की मल्लखांब करता येईल, परंतु गुण उडीला न देता थांबण्याला द्यावे लागतील. दोरीचा मल्लखांब नेऊ नये, कारण तिथे दोर लोंबत नाही. न्यायचाच तर तो दोन भिंतींमध्ये ताणून बांधावा. खांबही दोन्ही टोकांना पक्का हवा आणि त्याच्या बुडाशी कंपने शोषणारी रचना हवी, कारण स्थानकावरची व्यायामाची यंत्रेसुद्धा त्याच कारणासाठी भिंतींपासून अलग टांगलेली असतात. शेजारच्या दालनात कोणाचा नाजूक प्रयोग चालू असताना पर्यटकांनी भिंती हादरवणे शास्त्रज्ञ खपवून घेणार नाहीत. आणि खांबाला चोळतात ते एरंडेल तेल अजिबात नको, त्याचे थेंब कुठे जातील हे सांगता येत नाही.

तरीही सगळ्या प्रवाशांसाठी एकच खेळ निवडायचा झाला, तर मी मल्लखांब निवडणार नाही. मी खांबखांबोळी निवडेन. जुन्या बडोद्यातल्या लाकडी खांबांच्या वाड्यांत वाढलेल्यांना तो सांगायला नको : प्रत्येकाने एकेक खांब धरायचा, ज्याच्यावर राज्य असेल तो मध्ये, आणि बाकीचे खांब बदलत असताना त्याने मोकळा खांब पटकवायचा. या खेळात आधार हीच संपत्ती असते, आणि वजनरहित जागेत टंचाई नेमकी आधाराचीच. शिवाय एका खांबावरून दुसऱ्याकडे झेपावलेल्याला मध्येच दिशा बदलता येत नाही, म्हणजे निघतानाच नेम अचूक हवा. जमिनीवर नसलेले हे डावपेच तिथे आयतेच मिळतात.

नियमांत काही फेरफार मात्र लागतील. पहिले दोन-तीन दिवस खेळ बंद ठेवावा, कारण अंतराळात प्रथमच जाणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना या काळात मळमळ होते आणि डोके गरगरा फिरवण्याने ती वाढते. दालन किमान स्कायलॅबच्या कार्यशाळेइतके रुंद हवे. आजच्या स्थानकातल्या मोकळ्या वाटा दोन मीटरांच्या आसपास आहेत, तिथे हा खेळ होणार नाही. खांबाला पायाने जोरात रेटा देण्यास मनाई असावी, कारण वजन गेले तरी वस्तुमान गेलेले नसते, आणि सेकंदाला तीन मीटर वेगाने येणारा साठ किलोचा माणूस डोक्यावर आदळला, तर इथे लागेल तितकेच तिथेही लागते. अंगाला चिकटून राहणारा घाम टिपायला प्रत्येकाच्या कमरेला टॉवेल हवा. राहिला तो राज्य असलेला खेळाडू. नेम चुकून तो दालनाच्या मधोमध निश्चल अडकला, तर हात-पाय मारून त्याला फारच थोडे सरकता येईल आणि वायुवीजनाचा झोत त्याला हळूहळू जाळीकडे नेईपर्यंत खेळ खोळंबेल. म्हणून त्याच्या कमरेला एक हलकी दोरी असावी, तिचे दुसरे टोक भिंतीला बांधलेले असावे, आणि दोरी ओढून मागे येण्याची मुभा त्याला एका डावात एकदाच असावी. दुसऱ्यांदा अडकला, तर राज्य त्याच्यावरच राहील आणि त्याला ओढून आणण्याचे काम सर्वांत जवळच्या खांबावरच्या भिडूने करायचे, तेही आपला खांब न सोडता.