टाइप ७७, १/७२: नाक वाचलं, सांधा अजून बाकी

टाइप ७७ म्हणजे भारतात बनलेलं मिग-२१एफएल, त्याचं १/७२ प्रमाणातलं प्लास्टिक मॉडेल जोडतोय. नाकाच्या टोकाचं गोल कडं आणि धड यांच्या जोडावरची पायरी गेली. नख फिरवलं तरी कुठे अडकत नाही. मागच्या भागात "आधी कडं चिकटवा, मग घासून घेऊ" असं लिहिलं होतं, तो सल्ला रद्द समजा. पायरी कड्यामुळे नव्हतीच, धडामुळे होती.

व्हर्नियर लावल्यावर उलगडा झाला. कडं १३.४ मिमी, कुठूनही मोजा. धडाचं तोंड मात्र उभं १३.५ आणि आडवं १३.१, म्हणजे चक्क अंडं. दोन्ही अर्धे काचेवरच्या पॉलिश पेपरवर सपाट करताना प्रत्येकाचं ०.२ मिमी गेलं आणि ते सगळं रुंदीतून गेलं, उंची होती तशीच राहिली. जुन्या साच्याच्या किटला फ्लॅश, म्हणजे कडेला सांडलेलं जादा प्लास्टिक, भरपूर, त्यामुळे हात जरा जास्तच चालतो. अशा अंड्यावर गोल कडं बसवलं की वर-खाली धड बाहेर येतं आणि डावी-उजवीकडे कडं. मग जी बाजू घासाल तिथे नाकाचा उतार मोडतो.

तेव्हा घासणं बंद, भर घालणं सुरू. वरचा आणि खालचा सांधा तोंडापासून १५ मिमीपर्यंत रेझर सॉने, म्हणजे पातळ पात्याच्या करवतीने, पुन्हा उघडला. दोन्ही फटींत ०.२५ मिमी प्लास्टिक शीटची पट्टी घातली, पण सरळ नव्हे, पाचरीसारखी: तोंडाशी पूर्ण जाडी, मागे शून्य. सरळ पट्टी घातली तर फट संपते तिथे धडावर टेंगूळ येतं. नुसत्या पाचरीने तोंड रुंद होतं, गोल होत नाही. त्यासाठी ११.५ मिमी ड्रिल बिटचा दांडा घेतला, त्यावर मास्किंग टेपचा एकच वेढा दिला, वर मेणबत्ती घासली आणि तो तोंडात दाबून बसवला. मग बाहेरून सांध्यात टामिया एक्स्ट्रा थिन हे पातळ प्लास्टिक सिमेंट सोडलं. मेण विसरलात तर बिट आणि विमान यांची कायमची सोयरीक झालीच म्हणून समजा. दोन दिवसांनी दांडा काढला तेव्हा माप आलं १३.४५, चारही बाजूंनी. वरचा ०.०५ म्हणजे ६०० नंबरच्या पेपरचे पाच-सहा हात.

आता कड्याची धार. किटमध्ये ती ०.८ मिमी आहे. बहात्तरने गुणा, खऱ्या विमानावर ५८ मिमी जाडीचा ओठ होतो! खऱ्या मिगचं तोंड ८७० मिमी, म्हणजे आपल्या मापात १२.१, आणि धार पाहताना जवळजवळ पात्यासारखी भासते. बाहेरून एक कणही काढायचा नाही, सगळं आतून. ब्रशच्या निमुळत्या दांड्याला ४०० नंबरचा ओला पेपर गुंडाळून कडं बोटांत फिरवायचं, हात स्थिर ठेवायचा. कडं स्थिर ठेवून हात फिरवला की तोंड अष्टकोनी होतं. मोटर टूल नको, घर्षणाने प्लास्टिक वितळून गोळा होतं. ०.३ वर थांबलो. त्याखाली धार पारदर्शक दिसायला लागते आणि चिमटीतच चिरते. बाहेरून रेझिनचं तयार कडं मागवता येतं, पण टपालखर्च आणि कस्टम धरून ते किटपेक्षा महाग पडतं. पुण्याच्या बोहरी आळीतल्या गोल कानशीने आणि दोन संध्याकाळींत हेच काम होतं.

नाकातल्या नळीच्या आतला सांधा भरत बसू नका. १२ मिमीच्या भोकात पुट्टी घासणं म्हणजे बाटलीत बोट अडकवणं. ०.१३ मिमी शीटची ३६ मिमी लांब आणि ९ मिमी रुंद पट्टी कापून आत अस्तर लावलं. पहिलं अस्तर रात्रीतून उलगडलं, कारण शीटला सरळ होण्याची ओढ असते. दुसरं आधी ८ मिमी दांड्यावर टेपने घट्ट बांधून साधारण ७५ अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरलं आणि लगेच गार पाण्यात टाकलं. उकळतं पाणी नको, पट्टी वेडीवाकडी होते. जोड बरोबर खाली ठेवला, तोंडाच्या मधोमध बसणाऱ्या शंकूमागे तो दिसत नाही. शीट पॉलिस्टायरीनचीच हवी. ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट स्वस्त म्हणून घेतली तर प्लास्टिक सिमेंट तिला धरतच नाही.

हे लिहितानाच सुचलं की शेपटीच्या नळीतही हाच उपाय चालेल. तिथला सांधा दोनदा भरून झालाय, तो आता खरवडून काढतो.

विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन हवं, ते शंकूच्या पोकळीत आणि पुढच्या चाकाच्या खणावर. मुख्य चाकांच्या जागी पेन्सिल आडवी ठेवून नाक टेकेपर्यंत शिसं वाढवत जायचं. इथे ५ ग्रॅम लागलं, अर्धा ग्रॅम वरकड टाकला. चिकटवायला अ‍ॅराल्डाइट. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद शिशाशी हळूहळू रासायनिक क्रिया करतो, पांढरी भुकटी फुगते आणि काही वर्षांनी धड उसवतं.

राहिलं दुखणं पाठीवरच्या सांध्याचं. पुट्टीने गुळगुळीत झाला, प्रायमरखाली गायब झाला आणि आठवड्याने रेघ पुन्हा उगवली. सिमेंटमधला द्रव सावकाश उडतो आणि सांधा तसतसा खाली बसत जातो. वरून पुट्टी लॅकर थिनर पिते, शेजारचं प्लास्टिक तेवढं पीत नाही. मॅट रंगाखाली हे एकवेळ खपतं, उघड्या धातूच्या फिनिशखाली नाही. म्हणून सगळी पुट्टी काढली आणि फेविक्विकमध्ये टाल्कम मिसळून भरलं. हे त्याच संध्याकाळी घासायचं. दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकहून कडक होतं, मग शेजारचं प्लास्टिक झिजतं आणि भराव वरंब्यासारखा उभा राहतो. कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरची काच, तोवर डबीत बंद ठेवा. पावसाळी हवेत सुपरग्लूच्या वाफेने काच पांढुरकी व्हायला वेळ लागत नाही.

पिटो ट्यूब, म्हणजे हवेतला वेग मोजणारी नाकावरची लांब नळी, किटातली फेकून दिली. एफएलवर ती नाकाच्या वर, मध्यावर. नंतरच्या प्रकारांसारखी उजवीकडे सरकलेली नाही. किटातलीच्या जागी २३ गेजची इंजेक्शनची सुई, तिच्यात इन्सुलिनची ३१ गेज. कटरने तोडली तर टोक चेपतं, कानशीवर फिरवत कापा.

रंगाबद्दल आता मन दुग्ध्यात आहे. ठरलं होतं ओझरच्या कारखान्यातून निघालेलं, न रंगवलेलं चकचकीत विमान. पण १९७१ मध्ये अनेक एफएलवर घाईघाईने कॅमोफ्लाज चढवला गेला, आणि १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेट सोडणारी २८ स्क्वाड्रनची मिग तर फारच खुणावतायत. पंखाखाली यूबी-१६ हे रॉकेटचे पॉड लागतील, ते सुट्या भागांच्या डब्यात आहेत. चौकात उभ्या असलेल्या विमानांवरून रंग ठरवू नका, त्यांच्यावर नंतरचे किती थर आहेत हे कळत नाही. त्या काळचे फोटोच पाहा.

तूर्त सांध्यावर चांदीचा एक पातळ हात मारून दोन आठवडे ठेवतोय. या दमट हवेत लॅकर साय धरतो, म्हणून थिनरमध्ये वाळणं मंद करणारा रिटार्डर घातलाय. रेघ आली तर कॅमोफ्लाज, नाही आली तर अ‍ॅल्युमिनियम.