तुम्ही विचारलंत म्हणून: माथिल्डे फुटला कसा नाही?

पडद्यावर '२५३ माथिल्डे'चा फोटो आला की हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. सरासरी जेमतेम ५३ किलोमीटर व्यासाचा लघुग्रह, त्यावर कारू नावाचं विवर ३३ किलोमीटरचं! त्याच्या जोडीला आणखी काही तशीच अगडबंब. एवढा मार खाल्ल्यावर त्याच्या ठिकऱ्याच व्हायला हव्या होत्या.

२७ जून १९९७ रोजी नासाचं नियर यान एरॉस या दुसऱ्या लघुग्रहाकडे जाता जाता माथिल्डेपासून सुमारे १,२०० किलोमीटरवरून गेलं. सूर्यापासून इतक्या लांब वीज पुरेना, म्हणून उपकरणांपैकी फक्त कॅमेरा चालू ठेवला होता. फोटो पाचशेवर निघाले. पण माझ्या मते खरी कमाई ती नव्हे. माथिल्डेच्या ओढीनं यानाच्या वेगात पडलेला किंचित फरक रेडिओ संदेशांतून पकडता आला आणि त्यावरून लघुग्रहाचं वस्तुमान कळलं. घनता भरली पाण्याच्या १.३ पट. ज्या कार्बनी अशनींशी (म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांशी) त्याचं रूप जुळतं, त्यांच्या साधारण निम्मी. म्हणजे आत जवळपास अर्धी जागा रिकामी!

अखंड कातळावर घण घातला तर तडा आरपार जातो, भुशाच्या पोत्यावर घातला तर नुसता खळगा पडतो. इथे तेच झालं. धक्का जागच्या जागी जिरला, माल उधळण्याऐवजी बराचसा खाली दबला. म्हणून एवढी विवरं शेजारी-शेजारी असूनही त्यांच्या कडा ओळखू येतात. संशोधक केविन हाउसन आणि सहकाऱ्यांनी सच्छिद्र मिश्रणावर मारा करून १९९९ मध्ये प्रयोगशाळेतही हे दाखवलं.

रंगाचं म्हणाल तर कोळसाच. पडलेल्या उजेडातला चारेक टक्केच परत येतो. म्हणून विवरांना नावंही जगभरच्या कोळसाक्षेत्रांची: कारू दक्षिण आफ्रिकेतलं, इशिकारी जपानमधलं आणि एक चक्क आपलं दामोदर. (झरिया-राणीगंजकरांनी मिरवायला हरकत नाही.)

यावर हमखास कुणीतरी विचारतं, मग आत गुहा आहेत का? तशी एखादी प्रचंड पोकळी कुणी मानत नाही. जुन्या टकरींत फुटलेले तुकडे पुन्हा सैलसर गोळा झाले असावेत. रिकामी जागा त्यांच्यामधल्या फटींची आणि तुकड्यांच्या अंगच्या बारीक छिद्रांची.