एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेक: इन्शुरन्स घ्यायचा का? आमच्या दोघी बहिणींचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात मी आणि माझी ताई एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालो होतो. मी 49, ताई 57, दोघी नाशिकच्या. बेस कॅम्प झाला नाही, त्याच्या अलीकडच्या लोबुचेवरून परत यावं लागलं, कसं ते खाली सविस्तर लिहिते. ट्रेकची माहिती खूप जणांनी लिहिलेली आहे, बूट कुठले, बॅग किती किलोची वगैरे, पण आमच्या घरी सगळ्यात जास्त वाद झाला तो इन्शुरन्सवरून आणि त्याबद्दल मराठीत मला फार काही वाचायला मिळालं नाही म्हणून हे लिहितेय. जाणाऱ्यांनी बुकिंग करायच्या आधी वाचा.

तयारी आम्ही वर्षभर केली. दर रविवारी अंजनेरी नाहीतर ब्रह्मगिरी, पावसाळ्यात पाठीवर 6 किलो घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या, दिवाळीनंतर साल्हेर, आणि कळसूबाई तर तीनदा. त्यामुळे दम आहे, पाय मजबूत आहेत, आपल्याला काही होत नाही असं मनात पक्कं बसलेलं. पण कळसूबाई 1646 मीटर आणि जिथे ट्रेक सुरू होतो तो लुक्लाचा विमानतळच 2860 मीटरवर. म्हणजे आपण महाराष्ट्रात जास्तीत जास्त जेवढं चढू शकतो त्याच्याही 1200 मीटर वर तिथली सुरुवात. बेस कॅम्प 5364 मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. फिटनेस आणि उंची सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाचलेलं होतं, पण पटलेलं नव्हतं.

तर वाद. भाऊजींचं म्हणणं, नेपाळच तर आहे, व्हिसा लागत नाही, मतदार कार्डावर जाता येतं, तिथे कसला परदेशाचा विमा काढताय, दोघींचा मेडिक्लेम आहेच की. आणि प्रीमियम दोघींचा मिळून साडेसात हजार, तेवढ्यात एक चांगली स्लीपिंग बॅग येते. मलाही ते पटत होतं. ताई मात्र बँकेतून रिटायर झालेली, कागद वाचायची सवय, तिने आधी आमचा मेडिक्लेमच काढून वाचला. त्यात सरळ लिहिलेलं की उपचार भारतातच झाले पाहिजेत. बहुतेकांच्या मेडिक्लेममध्ये हेच असतं, आपलं बघून घ्या. क्रेडिट कार्डावर फुकट विमा असतो असंही एकाने सांगितलं, तो बघितला तर विमान अपघाताचा निघाला, डोंगरात श्वास लागला तर त्याचा काही उपयोग नाही.

मग ट्रॅव्हल पॉलिसी बघायला घेतल्या आणि खरी गोम इथे आहे. ऑनलाइन दोन मिनिटांत पॉलिसी मिळते, नाव टाका, तारखा टाका, पैसे भरा, पीडीएफ मेलवर. आमच्या एजंटनेही तशीच एक काढायला सांगितली होती, दोघींचे मिळून बावीसशे रुपये. ताईने तिची सगळी पानं वाचली तर वगळलेल्या गोष्टींच्या यादीत पर्वतारोहण आणि ट्रेकिंग दोन्ही. म्हणजे आम्ही ज्यासाठी जातोय तेच सोडून बाकी सगळ्याला कव्हर, बॅग हरवली तर पैसे, पासपोर्ट हरवला तर पैसे. दुसरी बघितली त्यात ट्रेकिंग होतं पण 4500 मीटरपर्यंतच. वाटेतलं दिंगबोचे 4410 वर आहे, म्हणजे तिथपर्यंत आपण विम्यात आणि पुढे लोबुचे 4940, गोरकशेप 5164, काला पत्थर साडेपाच हजारांच्या वर, जिथे खरा धोका आहे तिथे काहीच नाही. तिसरी मिळाली ती ॲडव्हेंचरचं जादा कव्हर घेऊन 6000 मीटरपर्यंतची, दोर आणि क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाला लावायचे काटे) लागतील अशी चढाई सोडून, आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू त्यात स्पष्ट शब्दात लिहिलेला. तीच साडेसात हजारांची.

हेलिकॉप्टर स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघाच. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टकडच्या या भागात, दिंगबोचेच्या वर गाडीरस्ता हा प्रकारच नाही, खरं तर लुक्लापासून वर कुठेच नाही. आजारी माणूस खाली आणायचा तर पाठीवर, घोड्यावर किंवा हेलिकॉप्टरने. नुसतं "इमर्जन्सी इव्हॅक्युएशन" लिहिलेलं असेल तर त्यात हेलिकॉप्टर येतं का, त्याला वेगळी मर्यादा आहे का, हे कंपनीला मेल करून विचारा. फोनवर विचारू नका, फोनवरचं "हो मॅडम सगळं कव्हर आहे" नंतर कोणी ओळखत नाही. ताईने मेलमध्ये रोजचा मुक्काम, गावाचं नाव, मीटरमध्ये उंची असं सगळं लिहून विचारलं होतं की यातल्या प्रत्येक ठिकाणी कव्हर आहे का, दोन दिवसांनी लेखी "आहे" आलं, त्याची प्रिंट पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवली.

अजून एक. ताईला चार वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. एजंट म्हणाला लिहू नका, उगाच प्रीमियम वाढतो, बीपी आजकाल सगळ्यांनाच असतं. ताईने लिहिलं. प्रीमियम थोडा वाढला. पुढे क्लेमच्या वेळी कंपनीने पहिला प्रश्न विचारला तो हाच, आधीचे आजार काय, गोळ्या कुठल्या, किती वर्षं, डॉक्टरांचं जुनं प्रिस्क्रिप्शन पाठवा. फॉर्ममध्ये नसतं आणि प्रिस्क्रिप्शनमध्ये निघालं असतं तर काय झालं असतं हे मला विचारसुद्धा करवत नाही. कोणी कितीही जवळचा माणूस सांगू दे, आजार लपवू नका.

आता प्रवास. सीझनमध्ये लुक्लाची बरीच विमानं काठमांडूवरून न सुटता रामेछापहून सुटतात, म्हणजे रात्री एक-दीडला काठमांडूतून गाडीने निघायचं, चार-पाच तास घाटातून. आमचं विमान ढगांमुळे पहिल्या दिवशी उडालंच नाही, दुसऱ्या दिवशी गेलो. हे तिथे नेहमीचं आहे, लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटरची आणि एका टोकाला डोंगर, दिसत नसेल तर कोणी उतरवत नाही आणि ते बरोबरच आहे. या उशिराचे पैसे विम्यातून मिळतील या भरवशावर राहू नका, आमच्या पॉलिसीत फक्त आंतरराष्ट्रीय विमानाचा उशीर होता. हाताशी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, परतीचं तिकीट लगेचचं काढू नका.

फाकडिंग, नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे हे सगळं छान झालं. नामचेला दोन रात्री, दिंगबोचेला दोन रात्री, उंचीची सवय व्हावी म्हणून, नियमाप्रमाणे. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासासाठीची गोळी, डॉक्टरांना विचारून चालू होती. नामचेपासून ताईला सर्दी होती, थोडा खोकला, सगळ्यांनाच तिथे खोकला असतो, कोरडी थंड हवा आणि धूळ. आमचा गाईड, आम्ही त्याला दाई (नेपाळीत मोठा भाऊ) म्हणायचो आणि तो आम्हाला दिदी, रोज संध्याकाळी जेवणाआधी बोटाला ऑक्सिमीटर लावून वहीत लिहायचा. दिंगबोचेला ताईचे 84 होते, माझे 86.

लोबुचेला पोचायच्या आधी थुक्लाची चढण लागते आणि वर डोंगरात गेलेल्या गिर्यारोहकांची स्मारकं, दगडांचे ढीग आणि त्यावर पताका. ताई तिथे बसली ती उठेचना. दर दहा पावलांना थांबत होती. मला वाटलं थकली. रात्री खोलीत, प्लायवूडच्या भिंती, बाटलीतलं पाणी वरून गोठायला लागलेलं, ती आडवी झाली की खोकायची आणि उठून बसायची. दोनच्या सुमाराला मी टॉर्च लावला तर ती भिंतीला टेकून बसलेली, ओठ जांभळट, आणि श्वास घेताना छातीतून बुडबुड्यासारखा आवाज, हुक्का ओढताना येतो तसा. मला म्हणाली, "काही नाही गं, झोप तू." मी दाईला उठवलं. ऑक्सिजन 64. माझा त्याच वेळी 80. त्याने तिला सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं, ते तिला जमलं, म्हणजे मेंदूला सूज नाही, पण फुफ्फुसात पाणी होतंय असं तो म्हणाला आणि उजाडायची वाट न बघता घोडा बघायला गेला.

लॉजवाल्याकडे ऑक्सिजनचं एक छोटं सिलिंडर होतं ते लावून, घोड्यावर बसवून, हेडटॉर्चच्या उजेडात आम्ही फेरिचेला उतरलो. 4371 मीटर. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, 1973 पासून, ट्रेकिंगच्या सीझनमध्ये डॉक्टर असतात. दुपारी ते उंचीच्या आजारावर माहिती देतात, जाताना वेळ काढून ते ऐकून जा, आम्ही दिंगबोचेमार्गे गेलो म्हणून चुकलं, ते ऐकलं असतं तर थुक्लालाच मला कळलं असतं. डॉक्टरांनी तपासलं, हेप (HAPE, उंचीमुळे फुफ्फुसात पाणी होणं) म्हणाल्या, ऑक्सिजन चालू केला, गोळी दिली आणि आजच्या आज किंवा उद्या सकाळी खाली न्या म्हणाल्या.

आता कामाचं. हेलिकॉप्टर आपण बोलावलं आणि आलं असं होत नाही. हेलिकॉप्टर कंपनीला पैसे कोण देणार त्याची हमी लागते, विमा कंपनीचं हमीपत्र किंवा कार्डावर आगाऊ रक्कम. आणि विमा कंपनीला न विचारता आधीच हेलिकॉप्टर मागवलं तर नंतर क्लेम अडकू शकतो. याला कारण आहे. नेपाळमध्ये गरज नसताना ट्रेकर्सना हेलिकॉप्टरमध्ये बसवून विमा कंपन्यांकडून फुगवलेली बिलं घ्यायचे प्रकार झाले, 2018 साली तिथल्या सरकारने चौकशी केली, परदेशी विमा कंपन्यांनी कव्हर बंद करायचा इशारा दिला होता. त्यामुळे आता कंपन्या बारकाईने विचारतात. म्हणून कोणी गाईड नुसतं डोकं दुखतंय म्हणल्यावर "चला हेलिकॉप्टरने जाऊ, विमा आहे ना" म्हणाला तर आधी एक दिवस खाली उतरून बघा. आमचा दाई तसा नव्हता, त्याने आधी उतरवलं, मग डॉक्टर, मग फोन.

फोनच्या वेळी माझी जी धांदल झाली ती तुमची होऊ नये. पॉलिसीवर छापलेला नंबर 1800 चा, तो नेपाळहून लागेचना. तो बहुतेक वेळा भारताबाहेरून लागत नाहीच. परदेशातून लावायचा वेगळा नंबर, पूर्ण +91 वाला, आतल्या पानावर बारीक अक्षरात होता, तो शोधायला वीस मिनिटं गेली आणि शेजारच्या खोलीत ताई ऑक्सिजनवर. तो नंबर निघायच्या आधी फोनमध्ये सेव्ह करा, गाईडच्या फोनमध्ये पण करा, कागदावर पण लिहा. नेपाळ टेलिकॉमचं सिम काठमांडूत घ्या, ते वर बऱ्यापैकी चालतं, वायफायच्या कार्डावर विसंबू नका.

विमा कंपनीने मागितलं ते असं: पॉलिसी नंबर, पासपोर्टचा फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी ज्यात आजाराचं नाव आणि हवाई मार्गाने हलवणं गरजेचं आहे असं स्पष्ट लिहिलेलं, ऑक्सिजनचे आकडे, ठिकाण आणि उंची. दाईची ती वही इतकी उपयोगी पडली, रोजच्या तारखेचे आकडे, त्याचा फोटो काढून पाठवला. आणि त्यांनी उंची विचारल्यावर ताईचं ते मेल पाठवलं. साडेनऊला पहिला फोन, हमीपत्र आलं पावणेएकला. तोपर्यंत खालून ढग वर आले होते. दुपारनंतर तिथे हेलिकॉप्टर फारसं उडत नाही, त्यामुळे ती रात्र ताईने दवाखान्यातच ऑक्सिजनवर काढली, मी शेजारी खुर्चीत, सिलिंडरच्या काट्याकडे बघत. सकाळी सातच्या आत हेलिकॉप्टर आलं, लुक्लाला थांबून काठमांडू. खाली उतरता उतरताच तिच्या ओठांचा रंग बदलला, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. काठमांडूत दोन रात्री हॉस्पिटल.

हेलिकॉप्टरचं बिल 4000 डॉलरच्या वर होतं. हॉस्पिटलचं वेगळं. दोन्ही कंपनीने थेट भरलं. फेरिचेच्या दवाखान्याची फी आम्ही दिली ती पावतीवर परत मिळाली, सुरुवातीचे 100 डॉलर मात्र पॉलिसीप्रमाणे आमचेच. घोड्याचे पैसे मिळाले नाहीत कारण पहाटे चार वाजता पावती घ्यायचं सुचलं नाही. लॉजच्या वहीचं पान फाडून त्यावर तारीख, रक्कम, सही घेतली असती तरी चाललं असतं असं नंतर कळलं. माझा अर्धवट राहिलेला ट्रेक, बुक केलेल्या खोल्या, त्याचं काही मिळालं नाही. एक मोठ्या लिमिटचं क्रेडिट कार्ड जवळ ठेवाच, हमीपत्र यायला उशीर झाला तर तेच कामाला येतं.

काठमांडू, पोखरा फिरायला जाणाऱ्यांनी साधी स्वस्त पॉलिसी घेतली तरी माझी हरकत नाही. पण 3000 मीटरच्या वर झोपणार असाल तर विम्याशिवाय जाऊ नका, वय 25 असलं तरी. आणि उंचीची मर्यादा न बघता घेतलेली पॉलिसी मी विमा धरतच नाही.

भाऊजी विमानतळावर घ्यायला आले होते. ताईची बॅग उचलून गाडीत टाकली, आणि घरी पोचेपर्यंत तिचा हात सोडला नाही. एप्रिलमध्ये आम्ही अन्नपूर्णा बेस कॅम्पला जातोय, 4130 मीटर, ताईच्या छातीच्या डॉक्टरांनी हळू चढायच्या अटीवर परवानगी दिली आहे, यावेळी भाऊजी पण येतायत. मुक्कामांची उंची लिहून विमा कंपनीला मेल त्यांनीच टाकलं. एकदा हेप होऊन गेलेल्या माणसाला कव्हर देणार का हे त्यात पहिल्याच ओळीत विचारलंय, उत्तर आलं की इथे टाकते.